पद्धतशीर बुडावं कसं?

महाराष्ट्राला सातशेहून जास्त किलोमीटरचा समुद्रकिनारा आहे आणि त्यातला बराचसा आपण भेळ खात पाहिलेला आहे. पाण्याशी आपला संबंध घोट्यापर्यंत. पँट दोन घड्या वर करायची, लाट आली की किंचाळून मागे सरायचं आणि चपलांवर एक डोळा ठेवायचा. पण आता दिवस बदलले. ऑफिसातला तो सहकारी, जो लिफ्ट बंद पडली की दुसऱ्या मजल्यावर पोचून पाच मिनिटं नुसता बसून राहतो, तो परवापासून आपल्या फोटोत निळ्या पाण्यात अधांतरी लोंबकळतो आहे. डोक्याभोवती पट्ट्यापट्ट्यांचे मासे. खाली ओळ : 'शिपरेक डायव्हिंग, गोवा'.

तुम्हाला हे सहन होत नाही, हे मी समजू शकतो. म्हणून ही मार्गदर्शिका. शुक्रवारी रात्रीच्या बसने निघून सोमवारी सकाळी कामावर हजर राहायचं आहे, पोहता येत नाही, पण बुडालेल्या जहाजाचा शोध घेतल्याशिवाय चैनही पडत नाही, अशा माणसासाठी ती लिहिली आहे. माझा अधिकार विचाराल, तर मी आजवर चार वेळा पाण्याखाली गेलो आहे. त्यातल्या तीन वेळा एकाच बुडीत. ते कसं, ते पुढे येईल.

१. आधी जहाज ठरवा.

बुडालेलं जहाज म्हटलं की डोळ्यांसमोर टायटॅनिक येतं. ते विसरा. टायटॅनिक सुमारे ३,८०० मीटर खोल आहे आणि तुमच्या पॅकेजमध्ये सहा मीटर, पाच वॉटर स्पोर्ट्स आणि दुपारचं जेवण एवढंच बसतं. आखातात नोकरी करणारा एखादा मेहुणा असेल तर तो तांबड्या समुद्रातल्या 'थिसलगॉर्म'चं पुराण लावेल : १९४१ साली जर्मन विमानांनी बुडवलेलं ब्रिटिश मालवाहू जहाज, पोटात अजून मोटारसायकली, ट्रक, बूट. त्याला बोलू द्या. 'म्हणजे पार्किंगची अडचण तिथेही आहेच' असं म्हणून विषय बदला.

आपल्याला गोवा बरा. वास्कोजवळच्या समुद्रात ग्रांदे बेट आहे, त्याच्या आसपास जहाजांचे सांगाडे पडलेले आहेत, आणि त्यांतलं 'सुझीज रेक' फलकांवर सगळ्यात ठळक असतं. मालवण-तारकर्लीलाही बुडी मिळते, अगदी सिंधुदुर्गाच्या आसपास. पण तिथे मासे आणि प्रवाळ. मालवणकरांनी उमेद सोडू नये. नौदलातून निवृत्त झालेलं 'गुलदार' २०२५ साली राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाच्या हाती आलं, ते निवतीच्या समुद्रात मुद्दाम बुडवून पाण्याखालचं संग्रहालय करण्यासाठी. इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. जहाज चुकून बुडायला एक खडक पुरतो. ठरवून बुडवायचं तर आधी तेल उपसा, विषारी काय काय असेल ते खरवडा, पाहण्या करा, परवानग्या आणा. पद्धतशीर बुडणं हे तरंगण्यापेक्षा कितीतरी किचकट काम आहे. तुम्ही त्या वाटेवर पहिलं पाऊल टाकताय. छाती भरून येऊ द्या. पुढे ती भरायला फारशी सवड मिळणार नाही.

पाण्याची फारच धास्ती असेल तर कोरडी जहाजंही असतात. २००० सालच्या जूनमध्ये 'रिव्हर प्रिन्सेस' नावाचं जहाज कांदोळीच्या वाळूत येऊन रुतलं आणि जवळजवळ तपभर तिथेच बसलं. हनिमूनला त्याच्यासमोर फोटो काढलेली जोडपी मुलांच्या मुंजी आटोपून पुन्हा आली तेव्हा त्याची तोडफोड चालू होती. २०२० च्या निसर्ग वादळात 'बसरा स्टार' रत्नागिरीच्या मिऱ्या बंधाऱ्याला येऊन टेकलं आणि दुसऱ्या दिवसापासून लोक सेल्फी काढायला लागले. पण टेकलेल्या जहाजाला मान नाही. ते कुणालाही दिसतं.

२. फॉर्म भरा. म्हणजे सही करा.

दमा आहे का, रक्तदाब आहे का, हृदयविकार, कानाचं ऑपरेशन, सध्या सर्दी, अशी लांबलचक यादी असते. हे प्रश्न कुणीतरी विचार करून घातले आहेत, तेव्हा त्यांच्याकडे अजिबात लक्ष देऊ नका. सगळीकडे 'नाही' वर खूण करा. शेवटी 'जे काही होईल त्यास मी स्वतः जबाबदार' असं बारीक अक्षरात असतं, तेही वाचू नका. गृहकर्जाच्या कागदांवर तुम्ही अशाच अठ्ठावीस सह्या केल्या होत्या, आणि प्रश्न तेव्हाही बुडण्याचाच होता.

३. पोहता येत नाही, हे अभिमानाने सांगा.

'पोहता न येणाऱ्यांनाही सुवर्णसंधी' असं फलकावरच लिहिलेलं असतं. रीतसर अभ्यासक्रम करणाऱ्या बिचाऱ्यांना आधी २०० मीटर पोहून दाखवावं लागतं, दहा मिनिटं कशालाही न धरता तरंगावं लागतं, मग पुस्तक, तलावातला सराव, परीक्षा, समुद्रातल्या चार बुड्या. तीन-चार दिवस जातात. एवढं करून मिळतं काय, तर १८ मीटरपर्यंत जायचं कार्ड. तुम्ही ते सगळं टाळून न्याहारी आणि जेवणाच्या मधल्या वेळात उरकणार आहात.

यामागचं तत्त्व समजून घ्या म्हणजे मनात किंतु राहणार नाही. या सफरीत तुम्ही पाणबुडे नाही, खलाशी नाही, प्रवासीसुद्धा नाही. तुम्ही माल आहात. मालाने पोहायचं नसतं. मालाने नीट बांधून घ्यायचं, उतरवतील तिथे उतरायचं आणि शक्यतो फुटायचं नाही.

४. सामान अंगावर चढवा.

आधी वेटसूट. तो आदल्या गिऱ्हाइकाच्या अंगावरून नुकताच उतरलेला असतो, ओला आणि गार. कधीकधी गार नसतो. त्या ऊबदारपणाच्या उगमाची चौकशी करू नका.

मग कमरेला शिशाची वजनं. सूट तरंगतो आणि चरबीही तरंगते, म्हणून. आयुष्यभर ज्या पोटाची लाज बाळगली ते खरं तर तुम्हाला बुडू द्यायला तयार नव्हतं, आणि आता त्याच्या तोंडावर शिसं बांधून त्याचा विरोध मोडून काढायचा आहे. बायकोला दोन तुकडे आणि तुम्हाला पाच लागले तर मान खाली घालू नका. तशीही ती टाकीमुळे खाली जातेच.

पाठीवरच्या टाकीला 'ऑक्सिजनचा सिलिंडर' म्हणा. सगळे म्हणतात. आत असते साधी हवा, तुम्ही हे वाचताना घेताय तीच, २१ टक्के ऑक्सिजन आणि बाकी जवळजवळ सगळा नायट्रोजन. फक्त दोनशे बार दाबाने कोंबलेली. टाकीत खरोखर नुसता ऑक्सिजन भरला, तर सहा मीटरच्या खाली त्याचीच विषबाधा होऊन झटके येऊ शकतात. तेव्हा टाकी भरणाऱ्या मुलाने तुमचं ऐकलं नाही याबद्दल मनातल्या मनात आभार माना. बारा लिटरच्या टाकीत अशी सुमारे २,४०० लिटर हवा मावते. शांत माणसाला दहा मीटरवर ती तासभर पुरते. तुम्हाला वीस मिनिटं.

५. प्रशिक्षण घ्या. (अवधी : दहा मिनिटं, सनस्क्रीन चोळण्याच्या वेळेसह.)

कमरेइतक्या पाण्यात तुमच्या तोंडात नळी देतात आणि नाकाने श्वास घेऊ नका म्हणून सांगतात. आपल्याकडे निदान दोन हजार वर्षं नाकाने श्वास घेण्यावर शास्त्र रचलं गेलं आहे. ते एका मिनिटात मोडायचं. ग्रांदे बेटावर मला शिकवणारा मुलगा तेविशीतला असेल. तो म्हणाला, "दादानू, नाक इसरान जावा. तोंडान घेवा, तोंडान सोडा. काय्येक होवचा नाय." गोव्याच्या बोटीवर हा मालवणी कुठून आला, असं विचारायचं मनात आलं होतं, पण तोंडात नळी होती.

मग खुणा. इथे मात्र माझ्या अनुभवाचा फायदा घ्या. पाण्याखाली अंगठा वर करणं म्हणजे 'झकास' नव्हे. अंगठा वर म्हणजे 'मला वर न्या'. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून कडं करायचं. पण मराठी माणसाचा आनंद हल्ली अंगठ्यातूनच बाहेर पडतो. मालवणला माझ्या पहिल्या बुडीत चार मासे समोरून गेले, मला भरून आलं, मी अंगठा दाखवला, सरळ वर. पुन्हा खाली, पुन्हा मासे, पुन्हा अंगठा, पुन्हा वर. तिसऱ्या खेपेला खाली जाऊन आलो तेव्हा तिथल्या पोराने माझी दोन बोटं आपल्या हाताने जुळवून दिली, बालवाडीत 'ग' गिरवून घेतात तशी. एका बुडीच्या पैशात तीन बुड्या पदरात पडल्या, हे मी त्याला बोलून दाखवलं नाही.

गळ्यावरून हात आडवा फिरवला तर 'हवा संपली'. ही खूण उगाच सराव म्हणून करू नका.

६. बोट लागू द्या.

ती लागणारच, तेव्हा तयारीने लागू द्या. बसमधून उतरल्या उतरल्या दोन प्लेट पोहे, वर साखरेचा चहा, आणि मग इंजिनाच्या धुराकडे तोंड करून बसा. ग्रांदे बेटापर्यंत डॉल्फिन दाखवण्याचा कार्यक्रम असतो. डाव्या बाजूला डॉल्फिन दिसले की बोटीतले चाळीस जण डावीकडे धावतात आणि बोट त्यांच्याबरोबर कलते; अनेक जहाजं नक्की कशी बुडाली असावीत याचं हे विनाशुल्क प्रात्यक्षिक आहे. तुम्ही मात्र उजव्या काठावर वाकलेले असाल. लाजू नका. तुमच्या पोह्यांमुळेच बोटीखाली मासे गोळा होतात आणि बाकीच्यांची बुडी रंगते.

७. खाली जा. (तुम्हाला काही करायचं नाही, फक्त जाऊ द्या.)

पाण्याखाली दर दहा मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. म्हणजे डोक्यावरच्या अख्ख्या आकाशातली हवा जेवढी दाबते, तेवढं काम दहा मीटर पाणी एकटं करतं. हे सगळ्यात आधी कानाला कळतं. दोन-तीन मीटरवरच कानात कुणीतरी पेन्सिल खुपसल्यासारखं होतं. यावर उपाय सोपा : नाक चिमटीत धरा आणि हलकेच फुंका, म्हणजे कान 'टुक' करून मोकळे होतात. सर्दी असेल तर होत नाहीत. फॉर्मवर सर्दीच्या प्रश्नापुढे तुम्ही काय लिहिलं होतं, ते इथे आठवेल.

खाली गेल्यावर तुमची अवस्था मांजरीने मानेला धरलेल्या पिलासारखी असते. मुलाने मागून तुमच्या टाकीची मूठ पकडलेली असते. तो पाय मारतो तेव्हा तुम्ही पुढे जाता. तो थांबतो तेव्हा तुम्ही थांबता. तो तुमच्या जॅकेटात हवा सोडतो, काढतो, तुमचा मास्क दाबतो, तुमची नळी सरळ करतो, आणि दुसऱ्या हाताने तुमचं चित्रण करतो. तुम्ही हात हलवत राहा. त्याचा काही उपयोग नसतो, पण चित्रणात आपण पोहतोय असं वाटतं.

लाल टी-शर्ट सूटवरून घातला असेल तर तो काढून ठेवायला हवा होता. पाणी लाल रंग सगळ्यात आधी गिळतं. पाच-सहा मीटरवरच तो विटक्या मातकट रंगाचा दिसायला लागतो. मासे मात्र मोठे दिसतात. पाणी आणि मास्कमधली हवा यांच्यामध्ये प्रकाश वाकत असल्यामुळे प्रत्येक वस्तू सुमारे ३३ टक्के मोठी आणि पाव अंतराने जवळ भासते. निसर्गाने एवढी सोय करून ठेवली आहे, घरी सांगताना तुम्ही फक्त वरचे दोन हात वाढवायचे.

आणि ते सहकाऱ्याच्या डोक्याभोवतीचे पट्ट्यांचे मासे? मुलाच्या मुठीत पावाचा तुकडा असतो. तो त्याने तुमच्या कानाजवळ कुस्करला की मासे येतात. तुम्हाला वाटतं सागराने आपल्याला आपलं मानलं. त्यांना पाव हवा असतो, इतकंच. प्रवाळावरचं शेवाळ खाऊन राहणाऱ्या माशांनी पावावर दिवस काढणं बरं नव्हे, असं जाणकार सांगतात. पण शेवाळ खाताना ते तुमच्या डोक्याभोवती कशाला फिरतील?

८. जहाज ओळखा.

ही पायरी कठीण आहे. मन घट्ट करा. कारण तुमच्या मनात असतं ते सिनेमातलं जहाज : डोलकाठी, शिडाच्या चिंध्या, सुकाणूवर सांगाडा. प्रत्यक्षात गोव्याच्या पाण्यात बरा दिवस असेल तर पाच-सहा मीटर दिसतं, वाईट असेल तर स्वतःचं कोपर. त्या हिरवट धुक्यातून अचानक एक गंजका पत्रा पुढे येतो, त्याच्यावर कालवं, स्पंज, केसाळ काहीतरी. मग एक वाकडी कांब. मग वाळू. मग पुन्हा पत्रा. पनवेलच्या भंगारवाल्याकडे धुकं पडल्यावर जावं तसं. साधा नियम लक्षात ठेवा : जे खडकासारखं दिसत नाही आणि मुलगा ज्याच्याकडे सारखं बोट दाखवतो, ते जहाज. कडं करून दाखवा. अंगठा नव्हे.

त्या पत्र्याच्या आडोशाला मला एक सुंदर मासा दिसला, पिसारा फुलवलेला, अगदी संथ. मी हात पुढे केला. मुलाने पटकन माझा हात पकडून बाजूला घेतला. मला वाटलं, शेवटी आपुलकीने हस्तांदोलन करतोय. मीही त्याचा हात जोराने हलवला. वर आल्यावर कळलं की तो लायनफिश होता आणि त्या पिसाऱ्याच्या काट्यांत विष असतं. बोटीवर तो पोरगा पलीकडच्या माणसाच्या टाक्या सोडवत होता. आभार मानायचे म्हणून मी त्याच्याकडे बघून अंगठा वर केला. तो हसला.

९. खजिना शोधा.

बुडालेलं जहाज आणि सोनं यांचं नातं आपल्या डोक्यात लहानपणीच्या पुस्तकांनी पक्कं केलं आहे. गोव्याच्या समुद्रात जहाजांचा खरा शोध घेतला तो दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी. १९९७ पासून त्यांनी सुंची रीफ नावाच्या खडकाळ भागात बुड्या मारल्या आणि सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज व्यापारातल्या जहाजाचे अवशेष हुडकले. सापडलं काय? हस्तिदंत. पाणघोड्याचे दात. चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे, मार्ताबानी बरण्यांच्या खापऱ्या, बंदुकीची नळी, घडीव दगड. हत्तीचे सुळे आफ्रिकेतून निघाले आणि गोव्याच्या तोंडाशी येऊन बुडाले. बंदर समोर दिसत असताना. कुठल्याही कुरिअरवाल्याला ही वेदना कळेल.

दुसरं जहाज सेंट जॉर्ज रीफवर. त्याच्या पोटात निघाली कौलं, कोने, विटा, खांबांचे भाग, सगळं भाजक्या मातीचं. कौलांवर मंगळूरच्या बासेल मिशनच्या कारखान्याचा शिक्का आणि १८६५ हे साल. आता तुम्ही हुशारीने म्हणाल की जहाज १८६५ साली बुडालं. नाही. ते त्या कारखान्याच्या सुरुवातीचं साल. जहाज त्यानंतर केव्हातरी बुडालं, एवढंच कौल सांगतं. आपण कुठल्या तारखेला बुडणार हे कुठल्याही मालावर छापून येत नाही. हीच मंगळुरी कौलं कोकणात घराघरावर आहेत. तुमच्या आजोळच्या पडवीवर असतील. तीच समुद्राच्या तळाशी दिसावीत म्हणून शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं गढूळ पाण्यात, दोरीने चौकोन आखून, पाटीवर पेन्सिलीने नोंदी करत उतरत राहिले. त्यांच्या फोटोत त्यांच्या डोक्याभोवती मासे नसतात, याचं वाईट वाटतं.

तिसरं एमी शोल्सचं वाफेचं जहाज : बॉयलर, इंजिनाचे अवशेष. म्हणजे तिथेही भंगारच. तुमच्या मनातल्या पेटाऱ्याचं काय, असं विचाराल, तर एखादं नाणं हाती लागलंच तर ते सूटच्या बाहीत सारण्यापूर्वी कायदा आठवा. १८७८ चा निखात निधी कायदा दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या पुरलेल्या धनाची वर्दी कलेक्टरला द्यायला सांगतो. दहा रुपये. तुमच्या वडापावाचीही वर्दी द्यावी लागेल, इतका तो जागरूक आहे. शंभर वर्षांवरची वस्तू असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदा आहेच. निदान आठवण म्हणून प्रवाळाचा एक तुकडा घ्यावा, असं वाटेल. प्रवाळाला वन्यजीव कायद्यात वाघाच्या पंक्तीला बसवलं आहे. तुकडा खिशात घालणं म्हणजे वाघाचं नख मोडून घेणं. तेही लोक करतात, पण वाघाला विचारून करत नाहीत.

खजिना नको म्हणता? बरं. मग पाठीमागच्या दुकानात शिंपल्यांचा गणपती मिळतो.

१०. आत शिरा, असं कुणी म्हटलं तर.

रीतसर शिकलेले लोक जहाजाच्या आत जातात तेव्हा दोरीचं रीळ उलगडत जातात, दोन-तीन टॉर्च घेतात आणि हवेचे तीन वाटे करतात. एक वाटा जायला, एक यायला, एक संकटाला. पगाराचे असे तीन वाटे तुम्हाला कधी जमले का, हे स्वतःला विचारा. आत एका पायाचा फटका गाळाला लागला की सगळं काळं होतं, छत आणि जमीन एक होतात, आणि टॉर्च म्हणजे धुक्यात पेटवलेली काडी. तीस मीटरच्या आसपास नायट्रोजनची नशाही चढायला लागते. रिकाम्या पोटी दोन पेग मारल्यासारखं बेफिकीर वाटतं, आणि माणूस माशाला आपली नळी देऊ करतो. गोव्यात कित्येक जण ही पातळी बोटीत चढण्याआधीच गाठतात.

तुमची सोय अशी की तुम्ही आत जाऊच शकत नाही. ज्याने टाकी धरली आहे तो नेत नाही.

११. वर या.

इथे एकच नियम, आणि एवढा एक खरोखर पाळा : श्वास रोखू नका. दहा मीटरवर छातीत भरलेली हवा पृष्ठभागावर येईपर्यंत दुप्पट होते. तोंड मिटून वर आलात तर फुप्फुस फाटतं. हळू या. मोठे पाणबुडे पाच मीटरवर तीन मिनिटं थांबतात, अंगात विरघळलेला नायट्रोजन सावकाश निघून जावा म्हणून. तुम्ही थांबला नाहीत तरी तुम्हाला धरणारा थांबवेल. तो घड्याळ बघत असेल, तुम्ही कॅमेरा.

बुडीनंतर बारा तास विमानात बसू नये, एकाहून जास्त बुड्या झाल्या तर अठरा तास. अख्ख्या बुडीशास्त्रातला तुमच्या कामाचा नियम तो हाच. सोमवारची रजा त्याच्यावर मागता येते. रात्रीच्या बसचं तिकीट खिशात लपवा.

१२. सांगा.

खोली कधीही मीटरमध्ये सांगू नका. सहा मीटरचे वीस फूट होतात, आणि 'वीस फूट खाली' याला जो आवाज येतो तो सहाला नाही. जहाजाचं वर्णन करताना 'पत्रा' हा शब्द टाळा, 'हल' म्हणा. मुलगा चौकटीत येतो तिथे चित्रण कापा. तो बहुतेक सगळीकडेच येतो, त्यामुळे शेवटी साधारण नऊ सेकंदं उरतात. ती पुरेशी आहेत.

मी कापाकापी करायच्या आधीच परतीला मालवणला थांबलो, दरवर्षी जिथे उतरतो त्या काकूंकडे. सुरमई तळून होईपर्यंत फोन त्यांच्या हातात दिला. चष्मा पुसून त्यांनी पाहिलं. मी म्हटलं, हा मी. त्या काही बोलल्या नाहीत. मग फोन डोळ्यांजवळ नेला.

"अगे बाय, ह्यो मागचो आमच्या धाकल्या जावेचो झील!"

मी म्हटलं, काकू, मास्कमध्ये चेहरा तरी दिसतोय का?

"चेरो कित्याक? पाय मारता बघ, थेट आज्यासारखो." त्यांनी फोन पुन्हा पहिल्यापासून लावला. "आवशीक सांगल्यान, गोयात हॉटेलात कामाक आसंय."

आतून कुणीतरी जावेला हाक मारायला धावलं. जेवण होईपर्यंत फोन काही मला परत मिळाला नाही. सोलकढी दोनदा मागावी लागली.